मे महिन्यात अमळनेरहून किन्नौर-स्पिती : मुलं, आई आणि तंबू घेऊन गाडीने जमेल का?

बोरीकाठचा (अमळनेर)

राम राम मंडळी. येत्या मे महिन्यात घरच्या गाडीने स्पितीला जायचं चाललंय. माणसं पाच: आम्ही दोघं, मुलगी ११ वर्षांची, मुलगा ६ वर्षांचा आणि आई, वय ६४, बीपीची गोळी चालू. गाडी सात सीटर, पेट्रोल आणि कंपनीचं सीएनजी. जमेल तिथे तंबूत राहायचं आणि स्वयंपाक आपला आपण करायचा. आराखडा असा: दोन दिवसांत चंदीगड, तिथून मनाली, अटल बोगदा, बातल, चंद्रतालच्या काठावर दोन रात्री तंबू, मग कुंझुम ओलांडून काझा आणि किन्नौर-सिमल्यावरून परत. सुट्टी १२ दिवसांची. शाळा १५ जूनला उघडते, म्हणून मेच्या दुसऱ्या आठवड्यात निघायचं.

तंबू-अंथरूण कितपत भारी लागेल, गॅस कोणता न्यावा आणि गाडीचं काय काय करून घ्यावं ते सांगा. नेटवर सगळं बुलेटवाल्या पोरांसाठी लिहिलेलं दिसतं. घरची माणसं घेऊन जाणाऱ्यांच्या कामाचं काही सापडत नाही.

तापीपार

आराखडा उलटा करा आणि त्यातला अर्धा काढून टाका.

कुंझुम खिंड सुमारे ४,५५० मीटरवर आहे. बर्फ कापून रस्ता साधारण जूनमध्ये सुरू होतो, एखाद्या वर्षी मेअखेर, एखाद्या वर्षी जूनचा दुसरा पंधरवडा उजाडतो. मेच्या मध्यात ती उघडी असेल असं धरून सुट्टी टाकणं म्हणजे जुगार. त्यामुळे मनाली-काझा हा गोल फेरा मेमध्ये विसरा. उघडी असती तरी मुलांना त्या बाजूने चढवू नये, कारण मनाली २,००० मीटरच्या जरा वर आणि चंद्रताल सुमारे ४,२५०. एका दिवसात दोन हजार मीटरपेक्षा जास्त चढून तिथेच झोपायचं, हेच सगळ्यात वाईट. शिवाय चंद्रतालच्या काठावर तंबू लावायला बंदी आहे. ते रामसर यादीतलं, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतलं पाणथळ आहे, राहण्याचे तंबू तळ्यापासून काही किलोमीटर अलीकडे असतात.

जायचं सिमल्याकडून आणि यायचंही त्याच रस्त्याने. हा रस्ता सतलजच्या काठाने हळूहळू चढतो, शरीराला वेळ मिळतो आणि काझापर्यंत तो एरवी हिवाळ्यातही चालू ठेवतात. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र किन्नौरला जाऊ नका, दरडी कोसळतात. ऑगस्ट २०२१ मध्ये निगुलसरीला दरड थेट चालत्या वाहनांवर आली होती. सप्टेंबर सर्वांत चांगला, पण शाळेमुळे तुम्हाला तो जमणार नाही. दिवाळीच्या सुट्टीत रात्री पाणी गोठतं, सहा वर्षांच्या मुलाला घेऊन तंबूत राहण्याचे ते दिवस नाहीत. म्हणजे उरला मे.

आता दिवस. १२ दिवसांत होणार नाही, १६ काढा. नाहीतर काझा सोडून कल्पापर्यंतच जा, तेही वाईट नाही.

अमळनेरहून बेटावदमार्गे नरडाण्याला हायवे गाठा. हाच ५२ नंबर शिरपूर, सेंधवा, इंदूर, ब्यावरा, झालावाड, कोटा करत जयपूरला जातो. बिजासन घाट पहाटे पार करून घ्या, दिवसा ट्रकांची रांग लागते. पहिली रात्र ब्यावरा, दुसरी जयपूर. जयपूरपासून ५२ नंबर सोडून कोटपुतली-नारनौल धरा. नारनौलपासून इस्माइलाबादपर्यंत १५२-डी हा बंदिस्त हायवे आहे, त्याने अंबाला आणि चंदीगड. तिसरी रात्र चंदीगडला. या तिन्ही रात्री तंबू उघडूच नका. मेमध्ये कोट्याला रात्रीसुद्धा ३०-३२ अंश असतं, मुलं झोपणार नाहीत आणि दुसऱ्या दिवशी गाडीत रडतील.

चौथी रात्र नारकंडा (उंची २,७०० मीटर). पाचवी-सहावी सांगला (२,७००), मधल्या दिवशी छितकुल (३,४५०) बघून खाली झोपायला यायचं. सातवी कल्पा (सुमारे २,९५०). आठव्या दिवशी दुपारचं जेवण नाकोला करायचं, पण झोपायचं नाही. नाको ३,६०० च्या वर आहे, तिथून उतरून ताबो (३,२८०) गाठायचं. आठवी-नववी ताबो, दहावी-अकरावी काझा (सुमारे ३,६५०). आसपासची की, किब्बर, लांगझा, हिक्किम ही गावं काझ्यातून दिवसा करून रात्री परत. बाराव्या दिवशी काझा सोडून कल्पा, मग सिमला, नारनौल, झालावाड, घर. परतीला उंचीची अडचण नाही, म्हणून टप्पे लांब चालतात.

भारतीयांना या रस्त्यावर परमिट लागत नाही. सुमदोला पोलीस नोंद घेतात, आधार वर ठेवा.

स्टेथो_भुसावळ

वरचे मुक्काम उंचीच्या हिशेबाने बरोबर आहेत. नियम एवढाच: ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त चढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर जादा काढायची. दिवसा कितीही वर जाऊन या, मोजायची ती झोपेची उंची.

मोठ्या माणसाला विरळ हवेचा त्रास झाला की तो सांगतो: डोकं दुखतं, मळमळतं, झोप लागत नाही. सहा वर्षांचं मूल सांगत नाही. ते किरकिर करतं, खेळणं सोडतं, आवडीचा खाऊ परत करतं, उलटी करतं. किन्नौरच्या वळणांवर गाडी लागूनही हेच सगळं होतं, म्हणून गोंधळ उडतो. गाडी थांबवून तासाभराने मूल हसत-खेळत असेल तर गाडी लागली होती. मुक्कामाला पोचूनही तसंच राहिलं तर उंची लागली असं धरून चाला आणि दुसऱ्या दिवशी वर जाऊ नका. विश्रांतीनेही वाढत गेलं तर उतरा.

दोन लक्षणांवर थांबून बघायचंच नाही, रात्र असली तरी खाली निघायचं. एक, बसल्या जागी धाप लागणं, खोकला आणि ओठ निळसर पडणं. दुसरं, सरळ रेषेत टाचेला बोट लावून चालता न येणं किंवा असंबद्ध बोलणं. पहिलं फुप्फुसात पाणी, दुसरं मेंदूला सूज. ५०० ते १,००० मीटर उतरलं की बहुधा फरक पडतो. काझ्याला सरकारी रुग्णालय आहे, तिथे ऑक्सिजन मिळतो.

दुकानात मिळणारे ऑक्सिजनचे हलके डबे घेऊ नका. त्यात काही लिटर हवा असते, ती मिनिटांत संपते आणि बरं वाटल्याच्या भरात लोक उतरायचं टाळतात.

अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी आधीपासून घेण्याबद्दल निघण्याच्या महिनाभर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. मोठ्यांना १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असा प्रघात आहे, मुलांना वजनावर ठरते. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल किंवा आईंच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. आईंचा ईसीजी आणि सगळ्यांचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. आपल्याकडे बायकांमध्ये आणि मुलींमध्ये ते कमी निघतं, आणि वर हवा विरळ असताना त्याची किंमत दुप्पट मोजावी लागते. चढता बीपी उंचीवर आणखी थोडा चढतो, म्हणून मशीन सोबत ठेवा.

मुलाला निघताना सर्दी-खोकला किंवा ताप असेल तर ताबोच्या पुढे नेऊ नका. छातीचा संसर्ग असताना उंचीवर फुप्फुसात पाणी होण्याचा धोका वाढतो.

ऑक्सिमीटरचा बाऊ नको. काझ्यात ८५ ते ९० आकडा धडधाकट माणसालाही दिसतो, आणि बोट गार असेल तर मशीन काहीही दाखवतं. आकड्याकडे नाही, माणसाकडे बघा. पहिल्या तीन दिवसांत मात्र खरी भीती उंचीची नाही, उन्हाची आहे. ओआरएसची पाकिटं राजस्थानातच उघडावी लागतील.

पाना_आणि_जॅक (धुळे)

गाडीचं सांगतो. सात सीटर गाड्यांचा ग्राउंड क्लिअरन्स रिकाम्या गाडीला १८० मिमीच्या आसपास असतो. पाच माणसं आणि सामान भरलं की मागची बाजू बसते. किन्नौरचा रस्ता बराचसा डांबरी आहे, खराब पट्टे अधूनमधून येतात, त्यामुळे गाडी जाईल. पण इंजिनखाली लोखंडी गार्ड बसवून घ्या. कॅरियरवर फक्त हलकं आणि फुगीर सामान: झोपायच्या पिशव्या, मॅट, कपडे. टपावर किती किलो चालतं ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं, ते बघा. पाण्याचे कॅन आणि किराणा टपावर चढवला की वळणावर गाडी झुलते आणि आई मागे बसल्या असतील तर त्यांची कंबर जाते.

सीएनजी चंदीगडपर्यंत वापरा, पुढे पेट्रोल. किन्नौर-स्पितीत सीएनजी नाही. टाकी काढून ठेवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. आरसीवर तिची नोंद असते, काढण्या-बसवण्यात गळतीचा धोका वेगळा. खरी अडचण दुसरीच. वर्षभर सीएनजीवर पळणाऱ्या गाडीची पेट्रोलची बाजू झोपलेली असते: टाकीत जुनं पेट्रोल, इंजेक्टरला चिकटा. निघायच्या आधी महिनाभर तीनशे-चारशे किलोमीटर फक्त पेट्रोलवर चालवा. काही धक्के देत असेल तर ते धुळ्याला कळू द्या, पूहच्या चढावर नको.

साध्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी घटते. काझ्यात तुमच्या इंजिनाचा तिसरा हिस्सा गायब असेल. चढावर एसी बंद, पहिला-दुसरा गिअर, क्लच अर्धा दाबून गाडी धरून ठेवायची नाही. वळणावर थांबावं लागलं तर हँडब्रेकवर उचला.

कूलंट. ही आपल्या भागातली खास गडबड. उन्हाळ्यात रेडिएटरमध्ये साधं पाणी ओतत राहतात आणि वर्षभरात कूलंट नावाला उरतं. वर रात्री शून्याखाली गेलं की ते पाणी गोठून फुगतं, ब्लॉक किंवा रेडिएटर फुटतो. सगळं काढून फ्लश करा आणि कूलंट व डिस्टिल्ड वॉटर निम्मंनिम्मं भरा, ते उणे तीसच्याही खाली गोठत नाही. वायपरच्या टाकीतलं पाणीही तिकडे गेल्यावर काढा.

ब्रेक ऑइल दोन वर्षांहून जुनं असेल तर बदला. ते हवेतला ओलावा शोषतं, लांब उतारावर तापलं की त्यात वाफ होते आणि पेडल पोकळ जातं. उतार ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. बॅटरी चार वर्षांची झाली असेल तर बदलून निघा, थंडीत तीच आधी दगा देते.

टायरमधल्या हवेबद्दल बरंच उलटसुलट ऐकाल. हिशेब असा. अमळनेरला ४२ अंशांत ३३ पीएसआय भरली. काझ्यात सकाळी ५ अंश, म्हणजे थंडीने टायरमधला दाब पाच-साडेपाच पीएसआय उतरायला हवा. पण तिथे बाहेरच्या हवेचा दाबही समुद्रसपाटीपेक्षा पाचेक पीएसआय कमी, आणि आपला गेज बाहेरच्या तुलनेतच मोजतो. दोन्ही जवळजवळ फिटतात, आकडा ३२-३३ च येतो. म्हणून काझ्याला जाता-येता हवा सोडायची किंवा भरायची गरज नाही. सकाळी गार टायरवर एकदा बघायचं, बस. दुपारी तापलेल्या टायरचा आकडा वाढलेला बघून हवा सोडणारे रात्री कमी हवेवर दगडांतून जातात आणि साइडवॉल कापून घेतात. साइडवॉलला पंक्चर निघत नाही. स्टेपनी पूर्ण मापाची हवी आणि १२ व्होल्टचा पंप हवाच.

पेट्रोल रामपूरला भरा, रिकाँग पिओला परत काठोकाठ करा. पिओ ते काझा सुमारे २०० किलोमीटर, काझ्याला पंप आहे. ४५ लिटरच्या टाकीला हे आरामात पुरतं. कॅनमध्ये पेट्रोल घेऊन मुलांसोबत गाडीत ठेवू नका, वर चढताना कॅन फुगतो आणि वास सुटतो.

मलिंग आणि निगुलसरीच्या पट्ट्यात काचा खाली, गाणी बंद. दुपारनंतर वारा सुटतो आणि वरून दगड निसटतात, म्हणून हे पट्टे सकाळी पार करा. फोटोसाठी तर अजिबात थांबू नका.

सातपुडापायथा (शहादा)

पाच जणांसाठी एक मोठा तंबू घ्यायचा मोह होतो. तो घेऊ नका. चार माणसांचा एक आणि दोन माणसांचा एक असे दोन घ्या. स्पितीत सपाट जागा तुकड्या-तुकड्यांत मिळते आणि दुपारी दोन वाजल्यापासून दरीतून वारा सुटतो. उंच फॅमिली तंबू त्या वाऱ्यात शिडासारखा फुगतो आणि फायबरच्या काड्या चिरतात. काड्या अ‍ॅल्युमिनियमच्या हव्यात, बाहेरचं कापड जमिनीपर्यंत आलेलं हवं. पाणी अडवण्याचा (वॉटरप्रूफचा) आकडा ३,००० मिमी असला म्हणजे भरपूर झालं, तिकडे पावसापेक्षा वारा आणि धूळ जास्त. दार वाऱ्याच्या उलट दिशेला, आणि तंबू दोनच्या आधी उभा.

तंबूसोबत येणाऱ्या वाकड्या तारेच्या खुंट्या तिथल्या दगडगोट्यांत शिरत नाहीत. कापडी पिशव्या न्या, त्यात जागेवरचे दगड भरा, दोरी त्यांना बांधा आणि वर अजून एक धोंडा ठेवा. चार मिमीची नायलॉन दोरी तीस मीटर जास्तीची हवी.

अंथरुणात लोक पांघरुणावर पैसे घालतात आणि खालच्या थरात कंजूषी करतात. थंडी खालून येते. अंगाखाली पिशवीचं भरण दबून चपटं होतं, मग त्याचा उपयोग शून्य. दहा-बारा मिमीच्या फोमच्या दोन मॅट एकावर एक, त्यावर घरची जाड गोधडी दुमडून. आपली गोधडी पांघरायला तिकडे जड आणि अपुरी पडते, पण खाली घालायला तिच्यासारखं काही नाही. झोपायच्या पिशवीवर दोन आकडे असतात: एक आरामात झोप येईल तो आणि दुसरा कुडकुडत रात्र निघेल तो. दुकानदार दुसरा सांगतो. आरामाचा आकडा उणे पाच असलेली घ्या. मेमध्ये ताबो-काझ्याला रात्री शून्याच्या आसपास असतं, कधी दोन-चार अंश खाली. मुलांना मोठ्यांची पिशवी दिलीत तर पायाकडची रिकामी जागा कपड्यांनी भरा, नाहीतर ती हवा गरम करण्यातच पोराची रात्र जाते.

तंबूच्या वरच्या जाळ्या उघड्या ठेवून झोपा. बंद केल्या की पाच जणांच्या श्वासाचं पाणी आतून कापडावर जमतं आणि पहाटे अंगावर गळतं. शेगडी, कोळसा, गॅसचा हीटर तंबूत कधीच नाही. गारठ्यात सगळ्यांना तोच मोह होतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

लोकरीचे कपडे आधीच जमवा. आपल्याकडे स्वेटरवाले दिवाळीनंतर येतात आणि संक्रांतीनंतर जातात, एप्रिलमध्ये जळगावात कानटोपी शोधत फिराल. राहिलंच तर सिमला किंवा रामपूरला मिळेल.

आणि निघण्याआधी एक रात्र तोरणमाळला तंबू लावून बघा. जानेवारी-फेब्रुवारीत गेलात तर सुमारे १,१५० मीटरवर बऱ्यापैकी गारवा मिळतो. अंधारात टॉर्चवर तंबू उभा करायचा, मुलांनी पिशवीची चेन स्वतः लावायची, आईंनी खाली वाकून तंबूत जाऊन-येऊन बघायचं. गुडघ्यांचं काय ते तिथेच कळेल. जागा आधी विचारून घ्या, वनखात्याच्या हद्दीत परस्पर तंबू ठोकू नका. यावलच्या अभयारण्यात तर नाहीच.

कळण्याची_भाकर (चोपडा)

भाऊ, गॅसचं आधी. पेटीच्या शेगडीला लागणारे २२०-२३० ग्रॅमचे ब्युटेनचे लांब डबे सोयीचे. पाच माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक आणि चहा धरला तर दिवसाला एक डबा जातो, मुक्कामाचे जेवढे दिवस तेवढे डबे आणि वर दोन. पण ते इथून नेऊ नका. त्यावर लिहिलेलं असतं की ५० अंशांच्या वर तापू देऊ नये, आणि मेमध्ये ढाब्यावर उन्हात उभी केलेली बंद गाडी त्याहून तापते. चंदीगडला घ्या. वर सकाळी ज्योत मंद पडते, कारण ब्युटेन गारठ्यात वायू व्हायला कुरकुरतं आणि जळताना डबा स्वतःच अजून गार होतो. रात्री डबा अंथरुणात घ्या, सकाळी कोमट पाण्याच्या परातीत पाच मिनिटं बुडवा. शेगडीवर धरून गरम करायचा उद्योग कोणालाही करू देऊ नका. वाऱ्याला आडोसा हवा, पण डबा त्या आडोशाच्या आत कोंडू नये, तापतो.

काझ्याला पाणी साधारण ८८ अंशांना उकळतं. उघड्या पातेल्यात डाळ शिजणार नाही, तासभर गॅस जाळला तरी दाणा दाताखाली येतो. तीन लिटरचा कुकर न्या, सोबत जास्तीचं गॅस्केट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह. कुकरातही घरच्यापेक्षा पाच-सहा अंश कमीच मिळतात, म्हणून घरी चार शिट्ट्या लागत असतील तर तिथे सहा-सात. तूरडाळीचा हट्ट सोडा, मूग आणि मसूर न्या, दुपारीच भिजत घाला. पिण्याचं पाणी खळखळ उकळायला लागल्यावर तीन मिनिटं ठेवा. फिल्टरच्या बाटल्या नेत असाल तर रात्री अंथरुणात, आतलं पाणी गोठलं की त्यातल्या नळ्या फाटतात आणि वरून काही कळत नाही.

तिकडे सगळ्यात सोपी भाजी म्हणजे आपली शेवभाजी. कांदा-खोबरं-आलं-लसूण पाणी न घालता कोरडं होईपर्यंत भाजा, काळ्या मसाल्यासोबत कुटून बरणीत भरा. एका वेळेला मूठभर वाटण तेलात परतायचं, सव्वा लिटर पाणी, उकळी, आणि ताटात वाढताना वरून शेव, पाच जणांना पाव किलो. शिजवायला काही उरतच नाही. शेव जाड आणि तिखट घ्या, बारीकचा लगदा होतो.

दशम्या पहिल्या दोन दिवसांसाठीच. दुधात मळलेल्या असतात, राजस्थानच्या उन्हात प्लास्टिकमध्ये बांधल्या तर दुसऱ्या संध्याकाळी तार सुटते. सुती फडक्यात बांधा. भाकरीचं पीठ नेऊ नका, कळण्याचंही नको. वाऱ्यात छोट्या शेगडीवर तवा सारखा तापत नाही, भाकरी कडेला कच्ची राहते. भाजलेला रवा, पोहे, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, खिचडीचं तांदूळ-मूग-मीठ-हळद मिसळून एकेका वेळेच्या पुड्या, दुधाची पावडर, गूळ. केळीचे वेफर्स पाकिटात नाही, डब्यात. बंद पाकिटं वर फुग्यासारखी फुगतात आणि फुटतात. लोणचं आणि ठेच्याची बरणी नारकंड्याला एकदा सैल करून परत लावा, नाहीतर काझ्यात झाकण उघडताच तेल अंगावर.

खाऊ तंबूत ठेवायचा नाही. कुत्री येतात, आणि तिकडे अस्वलंही आहेत. रात्री सगळं गाडीत.

बोरीकाठचा (अमळनेर)

खूप खूप आभार. १६ दिवस जुळवतो, चंद्रताल सोडला. दोनच शंका. तंबू नेमके कुठे लावायचे? आणि आईंच्या शौचाचं काय? त्यांना उकिडवं बसता येत नाही.

तापीपार

दोन्हींचं उत्तर एकच: होमस्टेच्या अंगणात. रानात एकटे तंबू लावू नका. मोकळी दिसणारी हिरवी जमीन बहुतेक गावाची कुरणं किंवा कोणाची तरी वाटाण्याची शेतं असतात, आणि मे हा पेरणीचा काळ आहे. होमस्टेवाल्याला विचारा, थोडे पैसे घेऊन अंगणात किंवा बागेत जागा देतात, संडास आणि नळ त्यांचाच. आईंसाठी एक खोली घ्या, तुम्ही चौघे तंबूत. कोणाला रात्री बरं वाटेनासं झालं तर ती खोली सगळ्यांच्या कामी येते. आधी फोनवर "कमोड आहे का" एवढं विचारून घ्या, ताबो आणि काझ्यात मिळतं. गावांत पारंपरिक कोरडे संडास असतात, त्यात पाणी ओतायचं नसतं, माती टाकायची असते. घडीची कमोड-खुर्ची सर्जिकलच्या दुकानात मिळते, ती सोबत असली की ढाब्यांवरही प्रश्न सुटतो.

तंबूचे मुक्काम मी तीनच धरीन: सांगल्याच्या खोऱ्यात रकछम, ताबो आणि काझा. त्यातही पहिल्यांदा ताबो. सफरचंदाच्या बागा आहेत, वारा अडतो, उंची सोसवते आणि ९९६ साली बांधलेला मठ चालत जाण्याच्या अंतरावर. मुलांना आत नेताना फोटो काढायचे नाहीत हे आधीच सांगून ठेवा, भिंतींवरची चित्रं जपायची म्हणून बंदी आहे. कल्प्याला खोलीच घ्या, तिथे उतार फार. नदीच्या वाळूवर किंवा कोरड्या नाल्याच्या तोंडाशी तंबू नको. वर बर्फ वितळलं की संध्याकाळी त्याच नाल्यात पाणी येतं.

स्टेथो_भुसावळ

रकछम सांगल्याहून तीन-चारशे मीटर उंच आहे. पाचव्या रात्री सांगला आणि सहाव्या रात्री रकछम असं करा, पाचव्यालाच रकछम नको.

पाना_आणि_जॅक (धुळे)

रोकड घेऊन जा, एटीएमवर विसंबू नका. नकाशे ऑफलाइन उतरवून ठेवा, पिओ सोडलं की मोबाइल मध्येच गायब होतो. आणि हिमाचलात बाहेरच्या गाडीला सीमेवर प्रवेशकर आहे, पावती जपून ठेवा.